गार इंजिन साक्ष देत नाही

सकाळी पहिल्या किकला सुरू होते. थोडा वेळ चोक, मग चोक बंद, आणि सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं अगदी सुरळीत. त्यानंतर लक्षणं दिसायला लागतात. कुणाची गाडी मिसिंग मारते, कुणाची पिकअप घेत नाही, कुणाची थांबली की स्लोवर टिकत नाही, तर कुणाची सरळ बंद पडते आणि अर्धा तास उभी केल्याशिवाय पुन्हा सुरू व्हायचं नाव घेत नाही. लहान मोटरसायकलची ही तक्रार सांगणारे सगळे शेवटी एकाच वाक्यावर येतात : "गरम झाली की असं करते."

मला हे वाक्य मोलाचं वाटतं, कारण त्यात निरीक्षण आहे. पण ऐकणारा ते पूर्ण व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळा होतो. ठिणगीची कॉइल गेली असेल. ठिणगीची वेळ सांभाळणारा डबा, सीडीआय, बदल. कार्ब्युरेटर साफ कर. मग एकेक भाग बदलत जायचं आणि कधीतरी गाडी सुधारेल म्हणून वाट बघायची. ही पद्धत मला मनापासून पटत नाही. खर्च होतो हे तर आहेच, पण चांगले चालते भाग निघून जातात, दोष जागच्या जागी राहतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाडीवरचा विश्वास उडतो. विश्वास उडालेल्या गाडीवर माणूस लांबच्या रस्त्याला लागत नाही.

माझी गाडी जुनी आहे. शंभर सीसीच्या आसपासचं, एका सिलिंडरचं, वाऱ्यावर थंड होणारं इंजिन, कार्ब्युरेटर, किक. मध्यंतरी तिने हेच सुरू केलं, आणि त्या निमित्ताने मी "गरम" या शब्दाच्या पोटात काय काय दडलेलं असतं ते नीट बघितलं.

इंजिन तापतं तेव्हा धातू प्रसरण पावतो, तारांचा रोध वाढतो, ऑइल पातळ होतं, कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल कोमट होतं. ही झाली उष्णतेची कामं. पण त्याच पंधरा-वीस मिनिटांत उष्णतेशी काहीही संबंध नसलेल्या गोष्टीही घडत असतात. टाकीतलं पेट्रोल कमी होतं, टाकीच्या तळाचा गाळ हलून कॉकच्या जाळीवर येतो, धक्क्यांनी एखादी सैल तार सुटत-जुळत राहते. चालवणाऱ्याला या सगळ्याचा अनुभव एकच येतो : आधी बरी होती, आता बिघडली. म्हणून पहिला प्रश्न हाच, की हे गरम झाल्यामुळे होतंय की वेळ गेल्यामुळे?

याची एक साधी परीक्षा आहे. गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली की थांबायचं, इंजिन बंद करायचं आणि पाचच मिनिटं थांबून पुन्हा निघायचं. पाच मिनिटांत इंजिन काही गार होत नाही, सिलिंडरच्या डोक्याला, म्हणजे हेडला, हात लावायची सोय नसते. तरीही गाडी लगेच नीट चालायला लागली आणि थोड्या अंतराने पुन्हा तशीच अडखळली, तर संशय उष्णतेवरून उठून पेट्रोलच्या पुरवठ्यावर जातो. थांबलेल्या वेळात कार्ब्युरेटरची वाटी हळूहळू भरलेली असते. गाडी तेवढं पेट्रोल संपेपर्यंत चालते.

यातला सर्वांत फसवा गुन्हेगार म्हणजे टाकीचं झाकण. झाकणाला एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा त्यातून आत यावी लागते. धूळ, गंज किंवा सुकलेलं पेट्रोल यांनी ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. इथे पंप नसतो, पेट्रोल आपल्या वजनानेच खाली येतं. टाकी कार्ब्युरेटरपेक्षा जेमतेम वीतभर वर, त्यामुळे ते अडवायला थोडीशी पोकळीही पुरते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर आत हवा कमी, म्हणून पोकळी लवकर तयार होते. अर्धी रिकामी असेल तर उशिरा. "टाकी फुल केली की जास्त त्रास देते" असं कुणी म्हणालं की मी आधी झाकणाकडे बघतो. गाडी अडखळली असताना झाकण उघडावं. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि गाडी सुधारली तर दुसरं काही शोधायची गरजच नाही. ही तपासणी गार इंजिनावरही होते : वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून बाटलीत पेट्रोल सोडायचं, झाकण घट्ट बंद ठेवायचं, आणि धार टिकते की थेंबांवर येते ते पाहायचं. अर्थात हे तापलेल्या इंजिनाजवळ कधीच करू नये.

माझ्या गाडीची धार टिकली. पाच मिनिटांच्या विश्रांतीनेही तिच्यात फरक पडला नाही. म्हणजे खरोखर उष्णतेचंच प्रकरण होतं.

ब्रेकबद्दल एक वाक्य मध्येच सांगतो, कारण तो बऱ्याचदा इंजिनाच्या नावावर खपतो. ड्रम ब्रेक जास्त आवळलेला असेल तर चालता चालता तो तापतो, आणखी धरूही शकतो, आणि गाडी "दम तोडल्यासारखी" वाटते. मधल्या स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवलं की दोन सेकंदांत कळतं.

आता मिश्रण. पेट्रोल जळायला हवा लागते, आणि वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा हे पूर्ण ज्वलनाचं प्रमाण आहे. इंजिन गार असताना मात्र पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं थंड भिंतींवर चिकटून राहतं, म्हणून चोक ओढून जादा पेट्रोल द्यावं लागतं. यातून निदानाची एक फार उपयोगी खूण हाती लागते. ज्या गाडीचं मिश्रण मुळातच रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त आहे, तिला गारपणी ते मानवतं. ती चोकशिवायही सुरू होते आणि तापली की गुदमरते. उलट ज्या गाडीला हवा जास्त मिळते ती गार असताना नखरे करते आणि बराच वेळ चोक मागते. तेव्हा "गारपणी उत्तम, गरम झाल्यावर वाईट" या तक्रारीत काळा धूर, पेट्रोलचा वास आणि काजळी धरलेला प्लग यांची भर पडली, तर चोक पूर्ण परत जातो का, वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची नीडल झिजली आहे का, एअर फिल्टर तुंबला आहे का, हे आधी बघावं. नीडलच्या टोकाला झिजून एक बारीक गोल खाच पडते. ती डोळ्यांना जेमतेम दिसते, पण नखाला लगेच लागते.

याला एक अपवाद आहे. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधली ओ-रिंग चपटी झाली किंवा रबरी मॅनिफोल्डला चीर गेली, तर गार असताना ती फट मिटलेली राहू शकते आणि तापल्यावर उघडते. मग इंजिन तिथून हवा ओढतं, स्लो आपोआप वाढतो, रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली येत नाही. तिथे बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज क्षणभर बदलला तर फट तिथेच आहे. काही जण हे काम पेट्रोलने किंवा कार्ब्युरेटर क्लीनरने करतात. तापलेल्या सायलेन्सरशेजारी तो आगीशी खेळ आहे. पाण्याने तेच कळतं.

इंजेक्शनवाल्या लहान गाड्यांतही हाच विचार लागू पडतो, फक्त पात्रं बदलतात. तिथे तापमानाचा सेन्सर असतो. इंजिन तापलं की त्याचा रोध कमी होतो आणि ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, त्यावरून पेट्रोल घटवतो. सेन्सर बिघडून "अजून गारच आहे" असं सांगत राहिला, तर गाडीला दिवसभर चोक ओढून ठेवल्यासारखं होतं. शिवाय सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर स्वतः तापल्यावरच कामाला लागतो, म्हणून त्याचा दोषही पहिल्या काही मिनिटांत दिसत नाही.

माझा प्लग कोरड्या चॉकलेटी रंगाचा निघाला. मिश्रणावर बोट ठेवायला जागा नव्हती.

राहिली ठिणगी, आणि इथेच लोक सर्वांत जास्त चुकीचे भाग बदलतात. गाडी बंद पडली, घरी ढकलत आणली, तासाभराने प्लग काढून किक मारली, निळी ठिणगी दिसली, आणि निकाल लागला : "करंट चांगला आहे." हा निकाल दोन कारणांनी कच्चा. एक म्हणजे तासाभरात कॉइल गार झालेली असते आणि गार झाल्यावर तिचा दोष लपतो. दुसरं म्हणजे उघड्या हवेत उडणारी ठिणगी सिलिंडरच्या आत उडेलच असं नाही. फ्रिडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवून दिलं, की वायूतून ठिणगी उडवायला लागणारा दाब, म्हणजे व्होल्टेज, हा वायूचा दाब आणि दोन टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो. प्लगच्या टोकांमधला ०.७ मिलिमीटरचा गॅप बाहेर सहज ओलांडला जातो. पण पिस्टनने मिश्रण नवाला एक या प्रमाणात दाबलं, की तोच गॅप ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर कॉइल बाहेर पास होते आणि आत नापास.

तापलेल्या कॉइलमध्ये काय होतं तेही समजून घेण्यासारखं आहे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. तापमान ६० अंशांनी चढलं, की चांगल्या कॉइलचाही रोध साधारण २३ टक्क्यांनी वाढलेला दिसणार. तो दोष नाही. दोष असतो तो बारीक तारेतल्या तड्याचा किंवा वेटोळ्यांमधल्या इन्सुलेशनचा. तापल्यावर तडा रुंदावतो आणि तार मधूनच तुटते, किंवा इन्सुलेशन दगा देतं आणि दाब वाटेतच गळून जातो. सीडीआयला चार्ज करणारी मॅग्नेटजवळची कॉइल आणि इशारा देणारी पल्सर कॉइल, दोघींची हीच कथा. त्या तर इंजिनाच्या कुशीतच बसलेल्या, त्यामुळे आणखी तापतात. तड्याचा संशय असेल तर कॉइल टेबलावर घ्यावी, मल्टिमीटर लावावा, केस वाळवायच्या मशीनने तिला हळूहळू गरम करावं आणि आकड्याकडे बघत बसावं. चांगल्या कॉइलचा आकडा सावकाश, न अडखळता चढतो. वाईट कॉइलचा आकडा मध्येच उडी मारतो किंवा गायब होतो. तो आकडा डोळ्यांसमोर गायब होताना बघणं यापेक्षा स्वच्छ पुरावा मी तरी दुसरा पाहिलेला नाही. इन्सुलेशनचा दोष मात्र मल्टिमीटरला बऱ्याचदा सापडत नाही, कारण त्याचा दाब काही व्होल्टचाच. तिथे दुसऱ्या चालत्या गाडीची कॉइल लावून बघणं हाच खात्रीचा मार्ग.

मी ही परीक्षा रस्त्यातच केली, गाडी बंद पडल्या क्षणी. एक जादा प्लग खिशात होता. तो कॅपमध्ये बसवला, त्याची धातूची बाजू हेडला पक्की टेकवली आणि किक मारली. पक्की टेकवणं महत्त्वाचं, नाहीतर उच्च दाब भलतीकडे वाट शोधतो आणि सीडीआयचं नुकसान होऊ शकतं. सिलिंडरमधला प्लग मी काढला नव्हता, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि तिच्याशेजारी ठिणगी पाडणं धोक्याचं असतं. ठिणगी टच्च आवाज करत उडत होती. तिने माझी शंका पूर्ण मिटवली नाही, ती मिटवायचं कामही तिचं नव्हतं. पण त्याच किकने दुसरं काहीतरी सांगितलं.

किक पोकळ लागली.

सकाळी गार इंजिनावर किक खाली दाबताना एका जागी ती अडते. पिस्टन वर येतो, हवा कोंडते, पायाला खालून दाब जाणवतो आणि अंगाचा भार टाकल्याशिवाय पाय पुढे जात नाही. आता तीच किक त्या जागी रेंगाळली आणि मग निमूटपणे खाली गेली. मी हाताने दांडा धरून पुन्हा, अगदी सावकाश दाबला. दांडा अडला, आणि सायलेन्सरच्या टोकातून हलकासा सुस्कारा आला. पुन्हा दाबला, पुन्हा तोच आवाज. कोंडलेली हवा कुठून निसटते ते अशा वेळी कानांनी कळतं : कार्ब्युरेटरच्या तोंडातून आली तर मिश्रण आत घेणारी झडप, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून आली तर पिस्टन-रिंग, आणि सायलेन्सरमधून आली तर धूर बाहेर सोडणारी झडप, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. रस्ता शांत होता म्हणून मला ते ऐकू आलं. रहदारीत नुसती पायाला जाणवलेली पोकळी पुरली असती.

आमच्या काकांचं सगळं आयुष्य इंजिनं उघडण्यात गेलं. गाडी गार झाल्यावर चालवत त्यांच्याकडे नेली तेव्हा ते दारातच उभे होते. मी बंद करायला गेलो तर म्हणाले, "राहू दे, चालू राहू दे." मिनिटभर डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "फार गोड आवाज आहे रे हिचा. टॅपेट कधी बघितलेस?"

आवाज गोड होता हे खरंच. जो बसायचा तो तिच्या शांतपणाचं कौतुक करायचा. टॅपेट वाजायला लागले की सगळ्यांचं लक्ष जातं. ते वाजायचे थांबले की कुणाचंच जात नाही. व्हॉल्व्ह दाबून उघडणारा रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यात मुद्दाम एक फट ठेवलेली असते, तीच टॅपेटची फट. लहान इंजिनांत ती बहुधा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या दरम्यान, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीएवढी. तेवढी फट ठेवायला कारण आहे. सत्तर मिलिमीटर लांबीचा पोलादी दांडा ३०० अंशांनी तापला तर तो पाव मिलिमीटरने लांब होतो. हेडही तापतं आणि वाढतं, त्यामुळे ही वाढ बरीचशी एकमेकांत जिरते. जी उरते तिच्यासाठी ती फट. चालता चालता व्हॉल्व्ह आपल्या सीटवर, म्हणजे हेडमधल्या ज्या कड्याला टेकून तो मिटतो तिच्यावर, आपटत राहतो. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर सेकंदाला पन्नास वेळा. सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह कणाकणाने हेडमध्ये वर सरकतो, दांडा रॉकरच्या जवळ येतो आणि फट मिटत जाते. गार असताना शून्यावर आलेली फट तापल्यावर शून्याच्याही खाली जाते, म्हणजेच व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाबतीत हे नुसतं कॉम्प्रेशन जाण्यावर थांबत नाही. त्याच्या तोंडाचं तापमान चालू इंजिनात सातशे अंशांच्या आसपास जाऊ शकतं, आणि ती उष्णता बाहेर जायची मुख्य वाट म्हणजे सीटला टेकण्याचे ते क्षण. टेकणं कमी झालं की तो आणखी तापतो, आणखी लांबतो, आणखी कमी टेकतो. वर त्या फटीतून जळता वायू सुसाट निघत असतो. असंच चालवत राहिलं तर व्हॉल्व्हची कड जळते, आणि मग हेड उतरवण्याशिवाय इलाज उरत नाही.

सगळे पुरावे गरम इंजिनाने दिले, पण मोजमाप मात्र गार इंजिनावरच करावं लागतं, कारण पुस्तकातला आकडा गार इंजिनाचा असतो. गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी प्लग काढला, टॅपेटची झाकणं उघडली, मॅग्नेटवरची "टी"ची रेघ खुणेसमोर आणली, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर आला. इथे घाई नको. ही रेघ प्रत्येक फेऱ्याला खुणेसमोर येते, पण दोनातल्या एकाच वेळी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. दोन्ही रॉकर बोटांनी किंचित हलले पाहिजेत. माझा इनटेकचा हलला. एक्झॉस्टचा हलेना, म्हणून पूर्ण एक फेरा देऊन पुन्हा पाहिलं. आता तर तो उघड दाबलेला होता. म्हणजे पहिली जागाच बरोबर होती, आणि एक्झॉस्टला फटच उरली नव्हती. फट मोजायच्या पट्ट्यांची, म्हणजे फिलर गेजची, सगळ्यात पातळ, ०.०५ची पट्टी टोकालाही शिरेना.

लॉकनट सैल केला, स्क्रू थोडा मागे घेतला, पुस्तकातल्या आकड्याची पट्टी आत सरकवली आणि ती ओढताना हलकासा चिकटपणा जाणवेपर्यंत स्क्रू पुढे आणला. ती चिकट ओढ बोटांना एकदा समजली की विसरत नाही. काका शेजारी बसून होते, त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "नट आवळल्यावर परत पट्टी घाल. आवळताना स्क्रू फिरतो." फिरलाच होता. दुसऱ्यांदा स्क्रू घट्ट धरून नट आवळला, तेव्हा पट्टी हवी तशी सरकली.

सुरू केल्यावर गाडी वाजायला लागली. टिक-टिक-टिक, एकसारखी, बारीक. त्या दिवशी मी तिला मुद्दाम चढाच्या रस्त्याने फिरवलं, चांगली तापू दिली, मग थांबवून लगेच किक हाताने दाबली. दांडा अडला आणि अडूनच राहिला. सायलेन्सरमधून काही आलं नाही. गरम इंजिन पहिल्या किकला सुरू झालं आणि स्लोवर टिकलं.

तरी हे काम इथे संपलेलं नाही. फट मिटली ती सीट झिजल्यामुळे, आणि कड थोडीफार जळली असेल तर ते वरून दिसत नाही. म्हणून दोन्ही व्हॉल्व्हचे आकडे आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवले आहेत. हजार किलोमीटरनंतर गार इंजिनावर पुन्हा पट्टी घालणार. एक्झॉस्टची फट जशीच्या तशी राहिली तर नेहमीच्या सर्व्हिसला बघत राहायचं. तेवढ्यातच ती पुन्हा आवळली तर हेड उतरवायचं, सीट कापून घ्यायची आणि व्हॉल्व्ह नवा घालायचा. तोपर्यंत कुणी तिच्या आवाजाबद्दल विचारलं, तर तो असाच हवा आहे असं मी सांगतो.